पद्मा सिस्टरचं कार्ड

विश्रामबाग, सांगली
८ जानेवारी २०२४

प्रिय आत्या,

वाकून नमस्कार केलाय असं धर. समोर असते तर तू आधी पाठीत धपाटा घातला असतास, हे मला माहीत आहे. दिवाळीपासून एक ओळ लिहिली नाही, कबूल. पण तुला फोन करण्यात अर्थ नाही गं. तू अर्धं ऐकतेस आणि उरलेलं मनानं घालतेस. मागच्या महिन्यात मी नोकरी लागल्याचं सांगितलं आणि तू साताऱ्याला बाबांना माझं लग्न ठरल्याचं कळवलंस. बाबा दोन दिवस माझ्याशी धड बोलत नव्हते.

तर आता कागदावर लिहिते. मला तुझ्याच हॉस्पिटलात नोकरी लागली आहे. हो, चिंतामण डॉक्टरांच्याच. आता पाच मजले झालेत, लिफ्ट आहे, खाली कॉफीचं दुकान आहे. चिंतामण डॉक्टरांचे चिरंजीव पुष्कर डॉक्टर सगळं बघतात. माझ्या टेबलावर पाटी आहे, ‘रुग्ण संपर्क अधिकारी’. काम म्हणजे घरी गेलेल्या पेशंटना फोन करायचे, वाढदिवसाला शुभेच्छा पाठवायच्या, कुटुंबाचं आरोग्य कार्ड काढून द्यायचं. आमचे साहेब जयराज सर पुण्याचे. आधी मोटारींच्या शोरूममध्ये होते. ते म्हणतात, एकदा आलेला माणूस जन्मभर आपला राहिला पाहिजे आणि त्यानं घरच्यांनाही आणलं पाहिजे. याला रिलेशनशिप मार्केटिंग म्हणतात. तू नाक मुरडलंस ना? मुरड.

गंमत पुढेच आहे. सरांनी जुनी रजिस्टरं काढली. जत, कवठे महांकाळ, पार अथणीपासूनची माणसं वाटेतले दहा दवाखाने टाकून तीन-तीन पिढ्या आपल्याकडे येत होती. तू निवृत्त झालीस त्यानंतर हळूहळू कमी झाली. सर मीटिंगमध्ये म्हणाले, हे कशामुळे होत होतं ते शोधून काढा. मी म्हटलं, शोधायचं काय त्यात, ती माझी आत्या आहे.

झालं. आता ४ फेब्रुवारीला जुन्या पेशंटांचा स्नेहमेळावा ठरलाय आणि त्याची आमंत्रणं तू तुझ्या अक्षरात लिहावीस अशी सर्वांची इच्छा आहे. माझी जास्त. मार्चअखेर मला कायम करायचं की नाही ते ठरणार आहे. कोरी कार्डं सोबत पाठवली आहेत. लिहिशील ना?

तुझी
सई

---

वाई
१४ जानेवारी २०२४

चि. सई,

उद्या संक्रांत. तिळगुळाचा डबा वेगळा पाठवला आहे. निम्मा वॉर्डातल्या मावश्यांना दे, सगळा एकटीनं खाऊ नकोस.

तुझं पत्र वाचलं आणि दोन दिवस माझं कशात लक्ष नव्हतं. घाटावर जाऊन बसले तरी डोळ्यांपुढे तो दवाखाना. मी १९७८ साली तिथे लागले तेव्हा सोळा कॉटा होत्या. मागच्या लिंबाखाली नातेवाइकांच्या चुली पेटायच्या, आणि कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ते वासावरून कळायचं. अथणीकडच्या बायकांना मराठी यायचं नाही, तर मी "ऊटा आयता?" एवढं कानडी शिकले. जेवलीस का, एवढं विचारलं की बाई पुढचं सगळं दुखणं आपणहून सांगायची. चिंतामण डॉक्टर राउंडला आले की आधी म्हैस व्याली का, विहिरीला पाणी लागलं का, आणि मग नाडी हातात. तुझ्या त्या साहेबांना हे कुठल्या कोर्सात शिकवलं नसेल.

आता कार्डाचं सांगते, नीट वाच. डॉक्टर दर सोमवारी पोस्टकार्डांचा गठ्ठा आणायला लावायचे. टाके काढायला न आलेली माणसं, घरी गेल्यावर ज्यांचा रिपोर्ट वाईट आला ती माणसं, त्यांना कार्ड जायचं. कार्डावर एकच वाक्य. ‘एकदा येऊन भेटून जावे. पद्मा सिस्टर.’ आजाराचं नाव कधी नाही, कारण पोस्टमन पारावर बसून कार्ड मोठ्यांदा वाचायचा आणि अख्ख्या गावाला कळायचं. पण माणसांना अर्थ ठाऊक होता. कार्ड आलं की वळकटी बांधायची, पीठमीठ घ्यायचं आणि राहायच्या तयारीनं निघायचं. चौतीस वर्षांत माझं कार्ड कधी उगाच गेलं नाही. माझी म्हणून काही कमाई असेल तर तेवढीच.

म्हणून मेळाव्याच्या कार्डावर पहिली ओळ मी घातली आहे, ‘घाबरू नका, तब्येतीचं काही नाही.’ मग आपलं नेहमीचंच वाक्य आणि मेळाव्याची तारीख-वेळ. ती पहिली ओळ नसेल तर एकही कार्ड पोस्टात पडता कामा नये. साठ जणांना लिहिलंय. ज्यांना मी चेहऱ्यानं ओळखते तेवढेच.

कवठे महांकाळकडच्या लालासाहेबांना मात्र मुद्दाम लिहिलं नाही. त्यांची अंबूबाई १९८७ साली बाळंतपणात अति रक्त जाऊन दोन महिने आपल्याकडे होती. हे मिलिटरीत, पार काश्मीरला, रजा मिळेना. मी दर आठवड्याला त्यांना पत्र टाकायचे. आज भाकरी खाल्ली, आज उठून बसली, मुलगा हसतो. तेव्हापासून ते घर दुसऱ्या दवाखान्याची पायरी चढलं नाही. तीन वर्षांपूर्वी अंबूबाई गेली. त्या माणसाला मेळाव्याचं बोलावणं मी कुठल्या तोंडानं करू? त्यांना मी सवडीनं वेगळं लिहीन.

हात दुखतोय पण मन भरलंय. जेवत जा वेळेवर.

आत्या

---

सांगली
९ फेब्रुवारी २०२४

प्रिय आत्या,

मेळावा झाला. चारशेच्या वर माणसं आली. तू नाहीस म्हणून मी तुझी खुर्ची रिकामी ठेवली होती. जो येईल तो "सिस्टर कुठायत" एवढंच विचारत होता. पुष्कर डॉक्टरांनी भाषणात तुझं नाव घेतलं. तुझा एक जुना फोटो मोठा करून लावलाय, पांढऱ्या टोपीतला. तू त्यात कुणावर तरी ओरडत असावीस असं वाटतं.

काही जण अंथरूण-पांघरूण घेऊन आले होते. जरा गडबड झाली, पण सगळ्यांना उपमा-चहा दिला.

जयराज सर खूष आहेत. मला बहुतेक कायम करतील. बाकी भेटीत बोलू. आज फार काम आहे म्हणून थोडक्यात लिहिते.

तुझी
सई

---

सांगली, दवाखान्यातनं
१६ फेब्रुवारी २०२४

सिस्टरबाईस्नी लालासाहेबाचा रामराम.

तुमचं कार्ड मिळालं. सांगली सोडून तुमी वाईला गेलाय ह्ये मला मेळाव्यात कळलं, तवा तुमच्या भाचीकडनं पत्ता घेतला. पोरगी गुणाची हाय, पर माझ्याकडं बघून डोळं का पुसत हुती कळलं न्हाई.

सिस्टर, मला एकच सांगा. तुमाला तिकडं बसून कसं कळलं? दिवाळीपास्नं मला दम लागत हुता. बांधावरनं चालत आलो की छातीवर कुणी बसल्यागत व्हायचं. मी कुणाला बोललो न्हाई. अंबू असती तर तिनं वळखलं असतं. सूनबाई सृष्टीला म्हटलं, वय झालं, चालायचंच. आन् जानेवारीच्या शेवटाला तुमचं कार्ड. ‘एकदा येऊन भेटून जावे.’ अक्षर बघितलं आन् वळकटी बांधली. सृष्टी म्हणाली, मामा, आवं मेळावा हाय तिथं, जेवण हाय. म्या म्हटलं, तुला ठावं न्हाई, गप चल. दारात एका पोरीनं गुलाबाचं फूल दिलं. म्या म्हटलं, बाय, फूल नगं, कॉट दे.

आन् खरंच निघालं बघा. हृदयाची झडप खराब हाय म्हणत्यात. ५ मार्चला आपरेशन हितंच करायचं ठरलंय. मला खोली दिलीया, टीवी हाय. पोरगा यशराज सीमेवरनं रोज फोन करतो. म्हणतो, आबा, पुण्याच्या मिलिटरी हास्पिटलात चला, तिथं रोज असली आपरेशनं हुत्यात, आपला हक्क हाय. म्या त्याला म्हटलं, सिस्टरनी बोलावलंय मला. तुझी आय जिथं वाचली तिथनं मी उठून जाऊ व्हय?

आमच्या गावच्या रंगुबाईला बी तुमचं कार्ड आलं हुतं. तिनं दोन दिवस रडून पाटल्या लेकीला देऊन टाकल्या आन् मग आली. तिला काय बी निघालं न्हाई. आता पाटल्या परत मागाय लाजतीया.

तुमी आपरेशनच्या आदी एकदा दिसला की बास. मंग मला कसलं भ्या न्हाई.

हवालदार लालासाहेब

---

वाई
२० फेब्रुवारी २०२४

सई,

लालासाहेबांचं पत्र आलं. चार वेळा वाचलं.

मी त्यांना कार्ड लिहिलेलं नाही. रंगुबाईलाही नाही, ती कुठली ते मला आठवतसुद्धा नाही. मग माझ्या अक्षरात कार्ड गेलं कसं? मी साठ लिहिली आणि चारशे माणसं आली, ते मी मूर्खासारखं बायकामुलं घेऊन आले असतील असं धरून चालले. शेजारच्यांना पेढे वाटले मी, सई. सत्तरीच्या बाईनं पेढे वाटले.

आणि ती पहिली ओळ कुठे गेली? ‘घाबरू नका’ वाचूनही लालासाहेब वळकटी बांधतील? लष्करातला माणूस आहे तो, लिहिलंय तेवढंच करतो. म्हणजे ती ओळ तिथे नव्हती.

अंथरुणं घेऊन माणसं आली आणि ‘जरा गडबड झाली’ असं तू मला लिहितेस. दोन-दोन दिवस घरात रडारड करून आलेली माणसं ती. त्यांना उपमा दिलात.

झालं ते सगळं क्रमानं लिही. गोड लिहू नकोस, खरं लिही. लालासाहेबांची झडप खरंच किती खराब आहे तेही.

आत्या

---

सांगली
२३ फेब्रुवारी २०२४

आत्या,

खरं लिहिते. आधीच लिहायला हवं होतं.

तुझी साठ कार्डं आली तेव्हा जयराज सर नाचायचेच बाकी होते. त्यांनी तुझं अक्षर कॉम्प्युटरवर घेतलं आणि जुन्या रजिस्टरातल्या पंधराशे पत्त्यांवर छापून पाठवलं. निळ्या शाईसारख्या रंगात, हातानं लिहिल्यासारखं. पहिली ओळ त्यांनी काढली. म्हणाले, आमंत्रणात आजारपणाचा विषय कशाला, वाचणाऱ्याचा मूड जातो. तारीख-वेळ मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापली. मी त्यांना तुझं पत्र दाखवलं, कार्डाचा अर्थ समजावून सांगितला. ते हसले आणि म्हणाले, अहो, आता कोण लक्षात ठेवतंय. मी गप्प बसले. मार्चची भीती होती. ही माझी चूक, त्यांची नाही.

मेळाव्याच्या दिवशी तळमजल्यावर वळकट्यांची रांग लागली. एक आजोबा मला म्हणाले, किती दिवस राहिलेत ते आत्ताच सांगा, म्हणजे वाटण्या करून टाकतो. त्यांना काहीच झालेलं नव्हतं गं.

आणि त्या गर्दीत लालासाहेब. खरोखरच आजारी निघालेले ते एकटे. कार्ड गेलं नसतं तर ते आले नसते, हेही खरं. माझं डोकं इथेच फिरतं.

आता पुढचं. पुष्कर डॉक्टरांना झडपेचं ऑपरेशन नव्या विभागात पहिल्यांदाच करायचं आहे. ते काही वाईट नाहीत. बाहेरून येणारा सर्जनही चांगला आहे. पण तो महिन्यातून दोनदा येतो आणि ऑपरेशन करून संध्याकाळी परत जातो. आमच्याकडचे हृदयरोगाचे तरुण डॉक्टर धवल यांनी मला जिन्यात गाठून सांगितलं, "यांची किडनी नाजूक आहे. ऑपरेशनपेक्षा नंतरचे चार दिवस अवघड आहेत, आणि ते दिवस काढायची आमची अजून तयारी नाही. यांना पुण्याला जाऊ दे." ते स्वतः पुष्कर डॉक्टरांना हेच सांगायला गेले, तर तेवढा आत्मविश्वास नसेल तर कसं व्हायचं, असं ऐकून आले.

यशराज रोज फोन करतो, त्यामुळे लालासाहेबांची अजून सही झालेली नाही. मुलाचं मन मोडवत नाही आणि तुझा शब्द मोडवत नाही, असं त्यांचं चाललंय. म्हणून काल जयराज सरांनी मला बोलावलं. म्हणाले, तुमच्या आत्यांनी दोन ओळी लिहिल्या की ते सही करतील, तेवढं काम करा, मग तुमचं कायमचं पत्र मी स्वतः पुढे पाठवतो.

हा त्यांचा निरोप. सांगायचा होता, सांगितला. धवल डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं. मला स्वतःला काय हवंय ते मी लिहीत नाही, कारण मला ते लिहिताना लाज वाटेल अशी भीती वाटते.

सई

---

वाई
२६ फेब्रुवारी २०२४

चि. सई,

तुझ्यावर रागावून झालं. आता माझ्यावर रागावण्याची पाळी आहे.

मला हौस आली होती. बारा वर्षांत मला कुणी सिस्टर म्हणून हाक मारली नव्हती. इथे मी कोपऱ्यातली बहिरी पद्माताई. तुझी कोरी कार्डं आली आणि मला वाटलं, बघा, अजून माझ्यावाचून अडतं. जे कार्ड दुखण्याखेरीज कधी पाठवलं नाही ते मी समारंभासाठी लिहायला बसले. पहिली ओळ घातली म्हणून काय झालं? बसायलाच नको होतं.

आणि खरं सांगू? तुझं पत्र वाचल्यावरही घटकाभर माझं मन तिकडेच झुकत होतं. लालासाहेब आपल्या दवाखान्यातून बरे होऊन गेले, पहिलं ऑपरेशन, चिंतामण डॉक्टरांचं नाव राहिलं. त्या इमारतीत माझी चौतीस वर्षं गेली, मला संसार दुसरा नव्हता. तिचं भलं व्हावं असं मला वाटणारच. पण डॉक्टर असते तर काय म्हणाले असते ते मला ठाऊक आहे. त्यांनी १९८७ साली ते करून दाखवलं होतं आणि ते मी लपवून ठेवलं.

लालासाहेबांना लिहिलेलं पत्र सोबत आहे. पाकीट उघडं ठेवलंय, तू वाच. त्यांच्या पत्रातल्या ओळी एकमेकींवर चढल्या आहेत, चष्म्यानंही धड दिसत नसणार, त्यामुळे वाचून दाखवायला लागेल. ते तू दाखवायचं की नाही, हे मी ठरवत नाही. मी पोस्टानं सरळ त्यांच्या नावे पाठवू शकले असते. नाही पाठवलं. नोकरी तुझी आहे, आणि मार्च मला कळतो.

आत्या

---

वाई
२६ फेब्रुवारी २०२४

लालासाहेब, नमस्कार.

या वेळी कार्ड नाही, पाकीट पाठवते आहे, कारण यातलं चारचौघांनी वाचायचं नाही.

तुम्हाला आलेलं कार्ड मी लिहिलं नव्हतं. अक्षर माझं होतं, पण ते मशीनवर छापून पंधराशे लोकांना गेलं. तुमच्या दम लागण्याचं मला काही कळलं नव्हतं. तुम्ही आलात आणि दुखणं सापडलं ही देवाची कृपा, माझी हुशारी नाही. तेव्हा सिस्टरनी बोलावलंय हे आधी मनातून काढा.

आता जे लिहिते ते माझं आहे, हातानं लिहिलेलं. तुम्ही पुण्याला जा. यशराज सांगतो ते बरोबर आहे. जिथे असली ऑपरेशनं रोज होतात, जिथे ऑपरेशननंतर चार दिवस डॉक्टर आणि नर्स उशापासून हलत नाहीत, तिथेच ते झालं पाहिजे. आपल्या दवाखान्यात आज ते होण्यासारखं नाही.

तुम्ही म्हणाल, अंबू जिथे वाचली ते ठिकाण कसं सोडू. तर ऐका. अंबूबाईचं ऑपरेशन चिंतामण डॉक्टरांनी केलंच नव्हतं. रक्त थांबेना तेव्हा त्यांनी मला सांगितलं, हे माझ्या हातचं नाही. तिला हलवण्यासारखं नव्हतं, म्हणून जीप पाठवून मिरजेच्या एका डॉक्टरीणबाईंना आणलं. त्यांनी ऑपरेशन केलं आणि आमचे डॉक्टर बाजूला रक्ताची बाटली धरून उभे होते. मी तुम्हाला दर आठवड्याला पत्र लिहीत होते, पण हे एकदाही लिहिलं नाही. तुम्ही एवढ्या लांब, तुमचा आमच्यावरचा विश्वास हलला तर तुम्ही तिथे कसे राहाल, असं वाटलं. मग पुढे सांगायचं राहूनच गेलं, आणि तुमचं सबंध घर आमच्याकडे येत राहिलं. खोट्यावर येत राहिलं असं मला आज वाटतं.

माझ्यावरचा तुमचा विश्वास उडाला तरी माझी तक्रार नाही. पण पुण्याला जा. यात उशीर करू नका.

पद्मा

---

पुणे, मिलिटरी हास्पिटल
६ एप्रिल २०२४

सिस्टरबाईस्नी रामराम.

हात अजून कापतो, म्हणून सृष्टी लिवतीया. ती म्हणाली, मामा, मी शुद्ध करून लिहिते. म्या म्हटलं, सिस्टरना माझी बोली ठावं हाय, हाय तशी लिव्ह.

आपरेशन झालं. झडप बसवली. तिसऱ्या दिशी किडनीनं दगा दिला आन् पाच दिस मला काय सुध न्हवती. सहा डाक्टर अन् नर्सबाया उशाला हुत्या म्हणं. मोठा डाक्टर यशराजला म्हणाला, ह्यो माणूस दुसरीकडं असता तर हाताला लागला नसता. आता व्हरांड्यात वीस पावलं चालतो. पुढल्या आठवड्यात सोडत्यात.

तुमचं पत्र तुमच्या भाचीनं वाचून दावलं. सकाळची दहाची येळ. त्यो जयराज साहेब दारात येऊन हुबा राहिला आन् म्हणाला, सई मॅडम, जरा बाहेर येता का. तिनं वर बघितलं न्हाई. म्हणाली, "सर, एवढं वाचून येते." आन् शेवटच्या वळीपातूर वाचलं. मंग तिनंच पळापळ करून कागद गोळा केलं, गाडी बघून दिली. तिला कायम केलं न्हाई. परवा मला बघाय हितं आली हुती, मोसंबी घेऊन. म्या म्हटलं, पोरी, माझ्यापायी तुझी नोकरी गेली. तर म्हणती, काका, मिरजेला दुसरी बघतीया, तुमी मोसंबी खावा. तुमच्यावाणीच हाय, बोलाय फटकळ.

हितं भरती हुताना फारम हुता. त्यात इचारलं हुतं, तुमाला कुणी पाठवलं. म्या सांगितलं, पद्मा सिस्टरनी. लिवणारी बाई म्हणाली, कुठल्या हास्पिटलच्या? म्या म्हटलं, आमच्या घरच्या हाईत.

आता एक सांगायचं हाय, ते सांगून थांबतो. अंबूचं आपरेशन मिरजेच्या बाईनं केलं, ह्ये मला ठावं हुतं. ८७ च्या दिवाळीत रजा घावली तवा अंबूनंच सांगितलं. म्हणाली, धनी, सिस्टरनी तुमाला ते लिव्हलं न्हाई, तर तुमी बी कवा इचारू नगा. तुमाला वाईट वाटंल म्हणाली. त्या दोन म्हैन्यांत रातचं अंबूला भ्या वाटायचं तवा तुमी कॉटंखाली सतरंजी टाकून निजायचा, ह्ये बी तिनंच सांगितलं. ते बी तुमी पत्रात कवा लिव्हलं न्हाई. आमी सदतीस वर्सं कशासाठनं येत हुतो ते आमाला ठावं हुतं, सिस्टर. तुमालाच न्हवतं.

लालासाहेब